चांदणी लावलेली नोंद

फॉक्सप्रो या जुन्या कॉम्प्युटर भाषेत 'डिलीट' म्हटलं तरी नोंद जात नाही. फाईलमधल्या प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला एका अक्षराची जागा राखलेली असते. नोंद चालू असेल तर ती जागा रिकामी, डिलीट केलेली असेल तर तिथे चांदणी, म्हणजे * हे चिन्ह. नाव, पत्ता, तारीख, रक्कम सगळं जिथल्या तिथे असतं. 'सेट डिलीटेड ऑन' केलेलं असलं की चांदणीवाल्या नोंदी पडद्यावर येत नाहीत, इतकंच. 'रिकॉल' म्हटलं की चांदणी पुसली जाते आणि माणूस पुन्हा यादीत येऊन बसतो. तो खरा जातो 'पॅक' म्हटल्यावर.

हे मी 1993 पासून वापरत आले आहे आणि पुढे बऱ्याच मुलामुलींना शिकवलंही. यंदाच्या जानेवारीत एका रविवारी सोलापुरातच फॉक्सप्रोवाल्यांची परिषद भरली, तिथे जाऊन आल्यापासून मात्र ही चांदणी माझ्या डोक्यातून जात नाही.

परिषद हा शब्द निरोपातच होता. 'जुने फॉक्सप्रोवाले एक दिवस बसूया, अडलेलं-नडलेलं बोलूया' असा तो निरोप फोनवर फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या मालकांनी वरचा हॉल दिला होता. गड्ड्याची यात्रा नुकती संपत आलेली, होम मैदानावरचे पाळणे अजून उभे होते. रिक्षातून जाताना वाटलं, दहा-बारा जण आले तरी खूप. जिना चढून वर गेले तर मालक दारातच म्हणाले, "या की ताई, खुर्च्या कमी पडलाल्यात!" मी मोजलं, सदतीस माणसं होती. बार्शीची, पंढरपूरची, लातूरची, दोघे विजापूरहून आलेले. खाली माग चालू होते आणि त्यांचा ठेका पायाखालच्या फरशीतून दिवसभर जाणवत होता.

या भाषेशी ज्यांचा संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फॉक्सप्रो ही हिशेबाच्या, नोंदींच्या कामाची भाषा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या फॉक्स सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीची. 1992 मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली, पुढे व्हिज्युअल फॉक्सप्रो आलं, आणि मार्च 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की नववी आवृत्ती शेवटची, यापुढे नवी येणार नाही. जानेवारी 2015 मध्ये उरलासुरला आधारही संपला. ती मार्चमधली बातमी वाचली तेव्हा माझ्याकडे अकरा ठिकाणचं वर्षअखेरचं काम पडलेलं होतं. मी बातमी बंद केली आणि एका सूत व्यापाऱ्याचा ताळेबंद जुळवायला बसले. त्या अकरांपैकी सहा जण आजही तेच प्रोग्रॅम वापरतात.

आपल्या भागात ही भाषा इतकी का रुजली, हे बाहेरच्यांना पटकन कळत नाही. नव्वदच्या दशकात साखर कारखान्यांना उसाच्या वजनपावत्या हव्या होत्या, पतसंस्थांना पासबुकं, सूतवाल्यांना उधारीची वही, चादर-टॉवेलवाल्यांना नगावरच्या मजुरीचा आठवड्याचा हिशेब. एक साधं मशीन, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि फॉक्सप्रो शिकलेलं एक माणूस, एवढ्यावर हे सगळं उभं राहत होतं. तीन आठवड्यांत प्रोग्रॅम तयार व्हायचा. दिवाणजी शेजारी बसून सांगायचे, "इथं कटती दाखवा, इथं उचल", आणि त्यांच्या डोळ्यांदेखत आपण ती ओळ घालायचो. ती जवळीक मला पुढे कुठल्याही भाषेत मिळाली नाही, आणि मी नंतरच्या तीन-चार शिकले आहे.

सकाळचं सत्र सगळं अडचणींचं होतं. साखर कारखान्याचं काम बघणाऱ्या एकांची फाईल 2 जीबीकडे सरकत होती. फॉक्सप्रोची टेबल फाईल त्यापलीकडे वाढूच शकत नाही. त्यांनी गाळप हंगामानुसार फाईल तोडायला घेतली होती, पण शेतकऱ्याचं मागचं येणं नव्या फाईलमध्ये आणताना घोळ होत होता. त्यावर पाऊण तास चर्चा झाली आणि फळ्यावर तीन वेगवेगळे उपाय उभे राहिले. मग 64 बिटच्या विंडोजवर विंडोजआधीच्या डॉसचे जुने प्रोग्रॅम चालत नाहीत म्हणून डॉसची नक्कल करणारा डॉसबॉक्स कसा बसवायचा, त्यातून प्रिंटरला छपाई कशी पाठवायची, हे झालं. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं होतं की आता फॉक्सप्रोला रामराम. लातूरच्या एका बाईंनी मात्र तेव्हाच शंभरेक ओळींचा एक प्रोग्रॅम लिहिला होता, बिलांच्या फाईलमधून थेट जीएसटीच्या पोर्टलला लागणारी जेसन फाईल काढून देणारा. त्यांनी तो सगळ्यांना पेन ड्राईव्हवर देऊन टाकला. "घ्या, पण तारखेचा फॉरमॅट एकदा तपासा," एवढंच म्हणाल्या. माझ्या मते त्या सकाळचं सगळ्यात मोठं काम ते होतं.

तिकडे अमेरिकेत, ॲरिझोनामध्ये, साउथवेस्ट फॉक्स नावाची या भाषेची परिषद वर्षानुवर्षे भरत आली आणि 2020 पासून ती ऑनलाइन झाली. तिथल्या भाषणांच्या टिपा मी रात्री जागून वाचलेल्या आहेत. पण पंढरपूर आणि बार्शीची माणसं एका हॉलमध्ये बसून 'इंडेक्स फाईल टेबलाशी जुळत नाही' या एरर मेसेजवर बोलतायत, हे ऐकण्यातला आनंद वेगळा होता. हा मेसेज मी कितीतरी रात्री एकटीने पाहिलेला आहे.

सगळ्यात तरुण होती एक मुलगी, सोलापूरच्याच कॉलेजात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिच्या वडिलांच्या दुकानाचा हिशेब फॉक्सप्रोत, आणि तो तिला पायथन या आजच्या भाषेत न्यायचा होता. तिने डीबीएफ फाईल, म्हणजे फॉक्सप्रोची टेबल फाईल, प्रत्येक बाइट सोळाच्या मोजणीत दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये पडद्यावर उघडली. पहिला बाइट फाईलचा प्रकार सांगतो, पुढचे तीन बाइट शेवटच्या बदलाची तारीख, पहिले 32 बाइट फाईलच्या माहितीचे, मग प्रत्येक रकान्याचे 32. "मॅम, ही फाईल स्वतःबद्दल सगळं स्वतःच सांगते. मला कोणाला काही विचारावं लागलं नाही," ती माझ्याकडे बघून म्हणाली. मग तिने खाली सरकत जाऊन एका नोंदीवर बोट ठेवलं. नोंदीच्या आधी 2ए हा बाइट होता. चांदणी.

माझ्या पोटात खड्डा पडला.

जेवणं खालच्या पटांगणात होती. कडक भाकरी, शेंगाचटणी, वांग्याची भाजी, शेवटी शेंगापोळी. जेवताना मालकांनी जुन्या जकार्ड मागाच्या कार्डांची एक माळ दाखवली, भिंतीला टांगून ठेवलेली. पुठ्ठ्याची लांबट कार्डं दोऱ्याने एकमेकांना शिवलेली, भोक असेल तिथे हूक उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो, आणि चादरीवर मोर उमटतो. याच कल्पनेवरून पुढे गणनेची पंचकार्डं आली, आयबीएमचं 80 रकान्यांचं कार्ड 1928 मध्ये आलं, आणि आमच्या डॉसच्या पडद्यालाही रुंदीला 80च अक्षरं. मी एक कार्ड हातात घेतलं. कडा तेलाने काळ्या पडल्या होत्या, भोकं अजून स्वच्छ होती.

दुपारी पंढरपूरचे एक निवृत्त सर बोलायला उभे राहिले. त्यांनी तीस वर्षं पतसंस्थांची कामं केली. त्यांनी सुचवलं की आता प्रत्येकाने आपली एक चूक सांगायची, अशी की जिच्यामुळे दुसऱ्या माणसाचं नुकसान झालं. हॉल थोडा वेळ गप्प होता. मग एकेक जण उठू लागला. व्याजाचा दर चुकीच्या तारखेपासून लागू केला तो. टक्केवारी गोल करताना प्रत्येक पावतीवर पंचवीस पैसे जास्त कापले गेले तो. माझी पाळी आली तेव्हा, जी गोष्ट मी घरीही सांगितली नव्हती ती मी सांगितली.

1993 मध्ये एका टॉवेल कारखान्याच्या पगाराचा प्रोग्रॅम मी लिहिला. कामगार बहुतेक पद्मशाली समाजाचे, घरी तेलुगू बोलणारे. मालकांनी हौसेने पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड मशीनमध्ये बसवलं होतं. त्या कार्डामुळे डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटायची. त्यामागे होती इस्की नावाची व्यवस्था, 1991 चं भारतीय मानक. तिची खरी करामत अशी की भारतीय लिप्यांना अक्षरांचे क्रमांक एकच दिलेले होते. 'क' देवनागरीत लिहा, तेलुगूत लिहा की कन्नडात, फाईलमध्ये तोच आकडा पडतो आणि कार्ड फक्त लिपी बदलून दाखवतं. म्हणजे मी नावं मराठीत भरायची, आणि तीच यादी एका कळीवर तेलुगूत. पहिल्या शनिवारी मी पगाराची यादी तेलुगू लिपीत छापून फळ्यावर लावली. मला स्वतःला तेलुगू वाचता येत नाही. एक वयस्क विणकर यादीजवळ आले, बोटाने ओळी मोजत खाली गेले आणि आपल्या नावावर थांबले. काही बोलले नाहीत. बोट बराच वेळ तिथेच होतं.

1994 च्या मार्चमध्ये ते काम सोडून मुलाकडे भिवंडीला गेले. मी त्यांची नोंद डिलीट केली, म्हणजे चांदणी लावली. 1999 च्या नोव्हेंबरात वर्ष 2000 ची तयारी चालू होती. फाईलमधल्या तारखांमध्ये वर्ष चार आकडीच असतं, पण माझ्या भरणीच्या पडद्यावर ते दोनच आकडी होतं, ते सगळं बदलायचं होतं. त्या धांदलीत, फाईल आटोपशीर दिसावी म्हणून, मी पॅक दिलं. सोडून गेलेले दोनशेच्या वर कामगार एका एंटरने गेले. बॅकअप होता फ्लॉप्यांवर, 1.44 एमबीच्या तीन, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याच तीन फ्लॉप्यांवर नवा बॅकअप घेतला.

2001 मध्ये ते परत आले. पीएफची रक्कम काढायची होती. भिवंडीच्या पुरात कागद गेलेले, पीएफचा नंबर पाठ नाही. कारखान्यातलं हजेरी मस्टर वाळवीने खाल्लेलं. दिवाणजींनी मला बोलावलं, "बघा की कॉम्प्युटरमध्ये असंल." मी तासभर बसले. बॅक फाईलही, म्हणजे बदलाआधीची फॉक्सप्रोने ठेवलेली जुनी प्रतही, उघडून पाहिली, ती पॅकनंतरच्या बदलाची निघाली. ते खुर्चीवर बसून माझ्या पाठीकडे बघत होते. मी म्हणाले, "अण्णा, नाही सापडत." ते "बरं" म्हणून उठले. मी हे सांगितलं नाही की सापडत नाही कारण मी घालवलं आहे.

हॉलमध्ये एवढं सांगून मी खाली बसले. पंढरपूरचे सर जागेवरूनच म्हणाले, "ताई, 95 च्या नोव्हेंबरात पेन्शन योजना आली. तेव्हा पगाराच्या फाईलला रकाना वाढवला असेल ना तुम्ही?"

वाढवला होता. कर्मचारी पेन्शन योजना 16 नोव्हेंबर 1995 ला लागू झाली, मालकाच्या हिश्शातले 8.33 टक्के तिकडे वळवायचे होते, त्याला स्वतंत्र रकाना लागत होता.

"मॉडिफाय स्ट्रक्चर केलंत. त्याने जुनी फाईल बॅक नावाने ठेवली. चांदण्यांसकट. आता आठवून सांगा, तो बदल कारखान्यातल्या मशीनवर केलात की घरच्या?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. डिसेंबर 95. कारखान्यात लाईटचा घोळ चालला होता, आणि मी फाईल फ्लॉपीवर घेऊन घरी आणली होती. स्वयंपाकघराशेजारच्या टेबलावर, आमच्या 486 कॉम्प्युटरवर. रकाना वाढवून नवी फाईल परत नेली. बॅक फाईल तिथेच राहिली. आणि ते मशीन विकताना सगळी डिरेक्टरी मी एका सीडीवर उतरवून ठेवली होती.

हा प्रश्न मला चोवीस वर्षं कोणी विचारला नव्हता, कारण तो विचारायला मॉडिफाय स्ट्रक्चर काय करतं हे माहीत असावं लागतं, पेन्शनचा रकाना कधी आला हे माहीत असावं लागतं, आणि वीज नसेल तर फाईल घरी नेणारी माणसं आपण होतो हेही माहीत असावं लागतं. या सदतीस जणांपैकी निम्मे साठीच्या पुढे आहेत. त्यांच्या डोक्यात जे आहे ते कुठल्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही, आणि ते जाण्याआधी लिहून घ्यायला हवं, असं मी त्या संध्याकाळी उठून सांगितलं. त्या मुलीने लगेच वही काढली.

सीडी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत सापडली. दोनदा वाचलीच नाही, तिसऱ्यांदा फिरली. 'पगार' नावाची बॅक फाईल होती. त्या मुलीसारखीच मीही ती आधी हेक्समध्ये उघडली. पहिला बाइट 03. पुढचे तीन 5एफ, 0सी, 0बी. म्हणजे 95, 12, 11. शेवटचा बदल 11 डिसेंबर 1995.

नावं वाचता येत नव्हती, कारण जिस्ट कार्ड नसेल तर इस्कीची अक्षरं नुसत्या तिरपागड्या खुणा दिसतात. त्या खुणांवरून आजच्या युनिकोड या अक्षरव्यवस्थेत न्यायला छोटा तक्ता करावा लागला. ते काम मी फॉक्सप्रोतच केलं, 'स्कॅन'पासून 'एंडस्कॅन'पर्यंत तीसेक ओळी. यादी वर सरकू लागली. मग ते आले. आधी 2ए, मग नाव, मग पीएफचा नंबर, मग लागल्याची तारीख, आठ आकड्यांत सलग: 19870810. मी त्यांचं नाव इथे लिहीत नाही, ते त्यांच्या घरच्यांचं आहे.

युनिकोडमध्येही इस्कीची ती जुनी शिस्त उतरलेली आहे. देवनागरी अक्षराच्या क्रमांकात 768 मिळवले की बहुतेक वेळा तेच अक्षर तेलुगूत मिळतं. मी एका कागदावर दोन ओळी छापल्या, वर मराठी, खाली तेलुगू. कारखाना आता त्या मालकांचा मुलगा बघतो. मी त्याला सगळं खरं सांगितलं. त्याने अर्जावर सही-शिक्का द्यायचं कबूल केलं आणि जुन्या जॉबरकडून पत्ता काढून दिला. ते स्वतः सहा वर्षांपूर्वी गेले. बायको मुलीकडे, विडी घरकुल वसाहतीत राहते.

पुढच्या रविवारी गेले. मुलगी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. मी कोण ते सांगितलं, 1999 मध्ये काय केलं तेही सांगितलं. तिने हात पुसले, कागद घेतला, वरची ओळ वाचली आणि आतून आईला बोलावलं. म्हातारी भिंतीला धरून आली. मुलगी तिला तेलुगूत काहीतरी सांगत राहिली. तिने कागद डोळ्यांजवळ नेला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

मी म्हणाले, "आजी, कामावर लागल्याची तारीखपण आहे यात."

ती कागदावरून नजर न काढता म्हणाली, "मार्कंडेयाचा रथ होता ना, पुनवेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी हे लागले. सोमवार होता."

घरी येऊन मी 1987 चं पंचांग पाहिलं. रथाची नारळी पौर्णिमा 9 ऑगस्टला होती, रविवारी.